निहालीचा ज्ञाता आणि विद्यापीठाचे आसन

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लोणार तालुक्यात, बीबी हे गाव आहे. तेथून पदव्युत्तर शिक्षणास निघालेला विद्यार्थी भाषाविज्ञानात आर्य, द्राविड व मुंडा ही भाषाकुले शिकतो. या तिन्हींपैकी कोणत्याही कुलात न बसणारी निहाली ही भाषा त्याच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद परिसरात, बोलली जाते. परंतु तिची ओळख त्याला झालीच तर ग्रंथातून होते. ती बोलणारे सुमारे दोन-अडीच हजारच आहेत. भाषा विद्यापीठात पोहोचली, ज्ञाता मात्र वेशीबाहेर राहिला, ही या विषयातील मूळ विसंगती होय.

निहालीच्या अभ्यासाचा इतिहास याची साक्ष देतो. भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात तिचा विचार मुंडा भाषांच्या प्रकरणात झाला. १९५७ मध्ये सुधिभूषण भट्टाचार्य यांची क्षेत्रटिपणे प्रसिद्ध झाली, आणि मुख्यतः अशा मुद्रित सामग्रीवरून कायपर यांनी १९६२ मध्ये आपला तौलनिक प्रबंध सिद्ध केला. त्यांचे शब्दविश्लेषण आजही आदरास पात्र आहे. तथापि, ही एखाद्या समूहाची सांकेतिक बोली तर नसेल, अशी जी शंका त्यांनी उपस्थित केली, तिचा निर्णय शब्दसूचीवरून होणे शक्य नव्हते. कोणता शब्द कोरकूतून आला, हे व्युत्पत्तिकार सांगेल. तो कोणासमोर उच्चारावा आणि कोणासमोर टाळावा, हे मात्र ती भाषा जगलेला वृद्धच सांगू शकेल. म्हणजे ज्ञात्याच्या अनुपस्थितीने केवळ सौजन्याची नव्हे, तर शास्त्राचीच हानी होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत औपचारिक पदवी अनिवार्य मानलेली नाही, हे स्वागतार्ह आहे. परंतु पंधरा वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ स्तरावरचा, ही अपेक्षा व्यवसायाच्या श्रेणीव्यवस्थेतून आलेली आहे. निहाली बोलणाऱ्या आजीचा 'वरिष्ठ स्तर' कोणता मानावयाचा?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, परंपरेने आलेले सर्वच प्रमाण मानता येत नाही. आक्षेप रास्त आहे. पण तो ज्ञात्याला आसन देण्याच्याच बाजूचा आहे. माहिती पुरवणाऱ्याला कोणी प्रतिप्रश्न करीत नाही. त्याचे वाक्य टिपून घेतले जाते आणि अर्थ दुसरा कोणी लावतो. अध्यापकाला मात्र प्रश्न विचारता येतात, आणि विद्यार्थ्याने लावलेला अर्थ चुकीचा ठरविण्याचा अधिकार त्यालाही असतो.

बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला २००५ पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे. पदवीवाचून, श्रोत्यांना प्रश्न विचारीत, कीर्तनातून लोकशिक्षण करणाऱ्या पुरुषाचे नाव धारण केल्यावर अध्यापनाची त्यांची रीतही विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. जामोद परिसरात वर्ग भरविणे, वृद्धांना मानधनासह परीक्षकाचा अधिकार देणे, प्रबंधावर त्यांच्या संमतीने त्यांचे नाव घालणे आणि ध्वनिमुद्रणाची प्रत गावास परत देणे, एवढ्यापासून प्रारंभ होऊ शकेल. यास विलंब झाल्यास निहालीचे व्याकरण ग्रंथालयात राहील; ते चुकले आहे, असे सांगणारे कोणी उरणार नाही.