गुड मॉर्निंग, बाई

आठवीत असताना आमच्या वर्गावर सहा आठवड्यांसाठी इंग्लंडहून एक मुलगी इंग्रजी शिकवायला आली होती. वय वीस-एकवीस असेल. कोल्हापुरातल्या मराठी शाळेत शिक्षिकेला बाई म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही सगळे सुरात ‘गुड मॉर्निंग, बाई’ ओरडलो आणि ती दारातच थांबली. तिला ‘बाय’ ऐकू आलं होतं. आल्या आल्या ही पोरं आपल्याला निरोप का देताहेत, हे तिला दोन दिवसांनी कुणीतरी समजावलं, तेव्हा ती पोट धरून हसली.

खरा निरोप सहा आठवड्यांनी झाला. तिला कोल्हापुरी चपला आणि गूळ दिला, मुख्याध्यापकांनी भाषण केलं, ती रडली. आम्हीही रडलो, निदान पुढच्या दोन बाकांवरचे तरी. मग सगळ्यांचा फोटो निघाला.

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवून आलेल्यांची पुस्तकं मी गेली काही वर्षं वाचतोय, ती बहुधा त्या फोटोमुळेच. आणि मला एक वाईट खोड लागली आहे: मी आधी शेवटचं प्रकरण वाचतो. सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. पाणी नाही, वीज नाही, जेवण तिखट, मुलं गोड. लेखक खरा कसा आहे ते निघायच्या आठवड्यात कळतं. मी तिथे एवढंच बघतो, की या प्रकरणातल्या मुलांना पुढचा सोमवार आहे का? की लेखकाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की तीही जागच्या जागी गोठतात, फोटोत गोठतात तशी?

पीटर हेसलरचं ‘रिव्हर टाउन’ (2001) या परीक्षेत बऱ्यापैकी उतरतं. अमेरिकेच्या पीस कोअरचा स्वयंसेवक म्हणून तो 1996 ते 1998 अशी दोन वर्षं चीनमधल्या यांगत्सेकाठच्या फुलिंग गावात, शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. दोन वर्षांत तो चिनी बोलायला शिकला, नूडल्सच्या दुकानात मित्र जमवले, गावाला आपलं मानायला लागला. आणि निघायच्या सुमारास, आठवण म्हणून गावाचं व्हिडिओ शूटिंग करायला तो आणि त्याचा सहकारी रस्त्यावर उतरतात, तेव्हा भोवती गर्दी जमते, आवाज चढतात, धक्काबुक्की होते आणि दोघांना तिथून काढता पाय घ्यावा लागतो.

दुसऱ्या कुणी हा प्रसंग गाळला असता, किंवा मधल्या एखाद्या प्रकरणात ढकलून शेवट गोड ठेवला असता. हेसलर तो शेवटाजवळच ठेवतो. दोन वर्षं राहूनही कॅमेरा हातात घेतल्यावर आपण कोण दिसतो, हे त्याला त्या गर्दीनं दाखवलं आणि त्यानं ते लपवलं नाही. त्याच्या विद्यार्थ्यांना सोमवारही आहे. ते खेड्यापाड्यांतून आलेले, आणि परत जाऊन तिथल्या शाळांत इंग्रजीच शिकवणार होते. हेसलर निघून गेला तरी त्याचा तास त्यांच्या अंगावर राहणार होता. त्यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार टिकला. 2019 मध्ये तो सिचुआन विद्यापीठात शिकवायला परत गेला, आणि ‘अदर रिव्हर्स’ (2024) मध्ये तेच फुलिंगचे विद्यार्थी चाळिशी ओलांडलेले, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता करणारे भेटतात. निरोपानंतरचं प्रकरण लिहायला इतकी वर्षं थांबलेला लेखक मला तरी दुसरा सापडलेला नाही. तक्रार एकच. तिथेही ते बोलतात हेसलरच्या प्रश्नांना उत्तर म्हणून. प्रश्न त्यांनी काढले असते तर काय विचारलं असतं, कोण जाणे.

सुकी किमचं ‘विदाउट यू, देअर इज नो अस’ (2014) वाचून मात्र मी दोन दिवस अस्वस्थ होतो. ती 2011 मध्ये उत्तर कोरियात, प्योंगयांगच्या एका विद्यापीठात बड्या घरच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेली. शिकवणारे बहुतेक विनापगारी आणि धर्मप्रसारक ख्रिस्ती परंपरेतले होते. ती त्यांच्यातली नव्हती, लेखिका म्हणून गुपचूप टिपणं काढत होती. तिच्या मुक्कामाच्या अगदी शेवटी किम जोंग इल यांच्या मृत्यूची बातमी जाहीर होते. मुलांचं जग कोसळलेलं, आणि बाईंचं विमान ठरलेलं. भाषण नाही, भेटवस्तू नाहीत, नीट निरोपही नाही. या प्रकारच्या लेखनातला हा सगळ्यात खरा शेवट आहे, कारण इथे रडणारी मुलं शिक्षिकेसाठी रडत नाहीत.

पण पुस्तक छापून आल्यावर त्या मुलांचा सोमवार कसा गेला असेल? किमनं नावं बदलली, ओळखी पुसल्या. तरी वर्ग एकच होता आणि बाईही एकच. तिचं म्हणणं असं, की हे शोधपत्रकारितेचं काम होतं आणि प्रकाशकानं त्यावर ‘आठवणी’ असा शिक्का मारला. ते मला पटतं. मुलांना विचारलं गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

हे सगळं कोल्हापुरात बसून वाचताना एक गंमत लक्षात येते. ज्याला आपण आज व्हॉलंटिअर म्हणतो, त्याच्या इतिहासातलं एक मोठं नाव इथलंच आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी इथे शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात मिशनरी म्हणून जायची तयारी दाखवली, त्यामागे हा तरुण रॉबर्ट होता. त्यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढे हजारो तरुण जगभर गेले. त्यांना बदल्यात माणसांचा धर्म हवा होता, हे विसरून चालणार नाही. पण सहा आठवड्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात नव्हता. वडील वारल्यावर रॉबर्टची आई आणि बहीण ग्रेस अमेरिकेहून पुन्हा याच भागात कामाला आल्या.

आणि धर्माशिवायही राहता येतं, याचं उदाहरण फार लांब नाही, फलटणला आहे. मॅक्सीन बर्नसन 1961 मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या, हैदराबादच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. इथवर गोष्ट नेहमीचीच. पण त्यांनी पुढे फलटणमधल्या लोकांच्या बोलण्यावरच पीएच.डी. केली, जाई निंबकरांबरोबर परक्यांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं, 1978 मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि तिथल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं, तेही मराठीत. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातून उभी राहिली. शिकवायच्या आधी गाव कसं बोलतं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. आमच्या सहा आठवड्यांत ‘बाई’ कळायला दोन दिवस गेले, आणि तेवढंच कळलं.

बर्नसन यांच्याबद्दल लिहिताना आपल्याकडे लगेच त्याग, तपश्चर्या, अमेरिका सोडून आलेली बाई असा सूर लागतो. तो मला रडक्या निरोपाइतकाच नकोसा वाटतो, कारण त्यातही मुलं मागे उभी राहतात आणि कॅमेरा बाईंवर असतो. न जाणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं तर रोजच्या तासाबद्दल लिहावं लागतं: कुठलं अक्षर आधी घेतलं, कोण शाळेत यायचं थांबलं, मग कोण त्याच्या घरी गेलं. त्याला शेवटचं प्रकरण नसतं. वाचक कमी मिळतात, हेही आहेच.

मी कुणाकडे बोट दाखवायच्या लायकीचा नाही. मागच्या वर्षी कंपनीच्या स्वयंसेवा दिनाला आम्ही वीस जण एकसारखे टी-शर्ट घालून एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. अडीच तास कोडिंग शिकवलं. कंप्युटर चार, मुलं सत्तर. निघताना एका मुलीनं विचारलं, “सर, परत कधी येणार?” मी म्हणालो, “लवकरच.” फोटो अजून फोनमध्ये आहे. त्या गावाचं नाव लिहिताना मला मॅनेजरला मेसेज करून विचारावं लागलं, म्हणून इथे लिहिलं नाही.

आमच्या आठवीच्या बाईंनी जाताना फळ्याच्या कोपऱ्यात ईमेल लिहून दिला होता. मी सायबर कॅफेत पंधरा रुपये देऊन मेल केला, त्याला उत्तर आलं, लांबलचक आणि प्रेमळ. दुसऱ्या मेलला आलं नाही. मला राग नव्हता, दहावीचं वर्ष जवळ आलं होतं, मीही विसरलो. तिनं आमच्यावर काही लिहिलं असेल तर ते बहुतेक त्या फोटोपाशी, गुळापाशी संपत असेल.

त्यानंतरच्या सोमवारी तिच्या तासाला गणिताचे सर आले. फळ्यावर तिनं रंगीत खडूनं काढलेलं मोठं ‘गुडबाय’ तसंच होतं. पुढच्या बाकावरच्या एकीनं “सर, राहू द्या की” म्हणून बघितलं. सरांनी कोपऱ्यातला ईमेल तेवढा ठेवला, बाकी सगळं पुसलं आणि बैजिक राशींचे अवयव पाडायला घेतले.