पोर्ट सईदचे पत्र आणि नागसेनवन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांकडे आपण दोनच कारणांनी वळतो. चरित्रातली एखादी तारीख पक्की करायची असते, नाही तर भाषणासाठी एखादे धारदार वाक्य हवे असते. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतला पत्रव्यवहाराचा २१ वा खंड उपलब्ध आहे. त्याच्या कितीतरी आधी शंकरराव खरातांनी पत्रे संपादित केली होती; पुढे ते आमच्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. तरीही एखादे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत युक्तिवाद म्हणून वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. म्हणून या लेखात मी मुख्यतः एकाच पत्रापाशी थांबणार आहे.

१४ नोव्हेंबर १९३२ची तारीख असलेले हे पत्र तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून, पोर्ट सईदहून लिहिलेले आहे. ते अ. वि. ठक्कर यांना आहे. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला होता. दुहेरी मताचा हक्क सोडून अस्पृश्यांनी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा स्वीकारल्या होत्या. लगोलग अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली. तिचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला आणि चिटणीस ठक्कर. हीच संस्था पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. मताचा प्रश्न मिटला, आता सेवा सुरू करू, असा देशाचा एकूण सूर होता. या सुराला पहिला छेद हे पत्र देते.

पत्रात राखीव जागांची उजळणी नाही. बाबासाहेब थेट बाजारात शिरतात. अस्पृश्याला भाजी, दूध, लोणी विकता येत नाही. तोच माल सवर्ण माणूस परधर्मीयाकडून बिनदिक्कत घेतो. सरकारी खात्यात शिपायाची जागाही त्याला मिळत नाही. मुंबई-अहमदाबादच्या कापडगिरण्यांत चांगल्या मजुरीचे विणकाम खाते त्याला बंद आहे. अमेरिकेतल्या निग्रोसारखाच तो तेजीत सर्वांत शेवटी कामावर घेतला जातो आणि मंदीत सर्वांत आधी काढला जातो. पत्र चिटणिसांच्या नावे असले तरी संस्थेचे अध्यक्ष स्वतः गिरणीमालक आहेत, हे लक्षात ठेवून हा भाग वाचावा. मला तो उघड उघड त्यांच्या पत्त्यावर लिहिलेला वाटतो. गिरणीचा दरवाजा उघडायला ना सत्याग्रह लागतो ना कायदा. मालकाचा एक हुकूम पुरतो.

दुसरा मुद्दा शांततेचा, आणि तो आजही अवघड आहे. गावोगाव विहिरीवर, शाळेत, चावडीत, वाहनात नागरी हक्क बजावण्याची मोहीम काढा, असे बाबासाहेब सुचवतात. त्यातून दंगे होतील, रक्तही सांडेल, हे ते लपवत नाहीत. सनदी मार्गाचा आयुष्यभर पुरस्कार करणारा माणूस हे लिहितो आहे. यात विसंगती दिसत असेल, तर आपण शांतता आणि निमूटपणा यांत गल्लत करतो आहोत. हक्क बजावणाऱ्यावर हात उगारणारा जो असेल, त्याच्याकडे शांततेची जबाबदारी हे पत्र सोपवते. मारामारीचे आवाहन त्यात कुठेही नाही. माणूस विचार करायला लागतो तो अडचणीत सापडल्यावर, असा त्यामागचा मानसशास्त्रीय आडाखा आहे.

या पत्राची साधी पोचही आली नाही. बाबासाहेबांनी ते १९४५च्या काँग्रेस आणि गांधींवरील इंग्रजी ग्रंथात छापले, तेव्हा याबद्दल आश्चर्यही नोंदवले. पत्रसंग्रहांच्या संपादकांविषयी माझी एक तक्रार इथेच आहे. आपण एका बाजूची पत्रे छापतो. समोरून काय आले, किंवा काहीच कसे आले नाही, हे वाचकाला कळत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डु बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर ३१ जुलै १९४६चे आहे, आणि ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या त्यांच्या कागदपत्रांत जपलेले आहे. जे उत्तर वर्ध्याहून किंवा दिल्लीहून यायचे, ते अटलांटिकपलीकडून आले! दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापल्या, तरच त्या एकाकीपणाचे माप कळेल.

आता पत्रातला मला सर्वांत खटकणारा भाग. शाळा, वाचनालये, व्यायामशाळा, सहकारी संस्था असल्या व्यक्तिसुधारणेच्या उपक्रमांवर शक्ती खर्च करू नका, असे बाबासाहेब ठक्करांना बजावतात. परिस्थिती बदलत नाही तोवर असल्या कामातून चार-दोन माणसेच वर येतील. मग ३ मार्च १९३४ला भाऊराव गायकवाडांना लिहिताना, काळाराम मंदिराचा सत्याग्रह थांबवून राजकारण आणि शिक्षणावर लक्ष द्या, असे तेच कसे सांगतात? आणि ज्या १९४५ सालात पोर्ट सईदचे पत्र ग्रंथात आले, त्याच सालच्या ८ जुलैला ते पीपल्स एज्युकेशन सोसायटी कशी काढतात?

उत्तर पत्राच्या उत्तरार्धात आहे, जिथे सहसा कोणी पोचत नाही. काम करणारी माणसे कोण असावीत, याची चर्चा तिथे आहे. बाबासाहेबांना ती शक्यतो अस्पृश्यांमधूनच घेतलेली हवी होती. पगारी माणसाला नसेल ते प्रेम त्यांच्यापाशी असेल, हा त्यांचा भरवसा. म्हणजे आक्षेप शाळेवर नव्हता. शाळा कोणाच्या हाती, हा प्रश्न होता.

१९५० साली औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली, पुढे त्याचे नाव मिलिंद झाले. निजामी राजवट जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. आमच्या शहरात मिलिंदचा इतिहास सांगताना शिक्षणप्रसाराचे दाखले देतात, ते योग्यच आहे. पण माझ्या मते मिलिंदचा आराखडा पोर्ट सईदच्या पत्रात आहे: सेवा घेणाऱ्यानेच संस्था चालवायची. सोसायटीच्या कामासंबंधीची बाबासाहेबांची जी पत्रे छापून आली आहेत, ती या पत्राला लागून वाचायला हवीत. त्यातला व्यवहारातला काटेकोरपणा हा स्वभावाचा भाग म्हणून चरित्रकार सोडून देतात. मला त्यात ठक्करांना न पोचलेल्या मजकुराचा पुढचा भाग दिसतो.