दुप्पट म्हणजे किती?

भाषणाची परीक्षा टाळ्यांवरून करू नये, क्रियापदांवरून करावी. २०१६ साली पंतप्रधान नरेंद्र मोदींनी २०२२ पर्यंत शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट करण्याचा संकल्प सांगितला. ‘दुप्पट’ हा शब्द कानास गोड. पण कशाच्या दुप्पट, हे भर सभेत कोण विचारणार? (असले गोड शब्द सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवर पिकतात, हेही खरे.) नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या एका शेतकऱ्याने मात्र २०१८ च्या अखेरीस आपला हिशेब दिला. साडेसातशे किलो कांद्याचे हाती आले १,०६४ रुपये. तेवढेच त्याने मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे धाडले. मनिऑर्डरचे ५४ रुपये वर पदरचे! भाषणास दिलेले इतके नेमके, अलंकारविरहित उत्तर आमच्या टीकावाङ्मयात दुसरे मला आठवत नाही. पुढे ती मनिऑर्डर परत आली.