विजयानंतरचा धर्म : सुंदरलाल समितीच्या अहवालाचे एक वाचन

युद्ध कसे करावे याविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ लिहिले गेले आहे. युद्ध जिंकल्यावर कसे वागावे, याविषयीचे चिंतन त्या मानाने थोडे आणि वाचकांकडून दुर्लक्षित आहे. महाभारताची कथा आपल्या मनात बहुधा दुर्योधनाच्या मांडीपाशी संपते. व्यासांनी मात्र त्यानंतरही कित्येक पर्वे लिहिली. स्त्रीपर्व, शांतिपर्व, आश्रमवासिकपर्व यांचा खरा विषय एकच आहे : जिंकलेल्याने हरलेल्याचे काय करावे? हा प्रश्न आपल्या हैदराबादच्या भूमीला १९४८ साली विचारला गेला. त्याचे उत्तर एका सरकारी स्वरूपाच्या अहवालात नोंदलेले आहे. तो अहवाल एक लेखन म्हणून वाचावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. त्यानंतर खेड्यापाड्यांतून ज्या वार्ता दिल्लीपर्यंत पोहोचू लागल्या, त्यांमुळे त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे संस्थानात फिरले. यांतील दोघे लेखक म्हणून ख्यातनाम होते. सुंदरलालांचा 'भारत में अंग्रेजी राज' हा ग्रंथ ब्रिटिशांनी जप्त केला होता. काझीसाहेब हे 'पयाम' या हैदराबादच्या उर्दू दैनिकाचे संपादक आणि 'लैला के खुतूत'चे कर्ते. समितीने १६ पैकी ९ जिल्हे पाहिले आणि १०९ गावांतील ५०० हून अधिक माणसांच्या जबान्या ऐकल्या. तिचा सावध अंदाज असा, की कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली. मृत्यूंचा सर्वाधिक भार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांवर पडला. लातुरात ही कत्तल २० दिवसांहून अधिक काळ चालली होती.

सरदार पटेलांनी ही समिती सरकारने पाठविली होती हेच मान्य केले नाही. अहवाल अनेक दशके दप्तरात राहिला. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या ग्रंथातून तो सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला.

अहवाल लिहिण्यात आणि वाचण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला या गद्याचे काही विशेष लगेच जाणवतात. पहिला विशेष असा, की हे गद्य ओरडत नाही. विशेषणे मोजकी आहेत, आकडे किमान धरलेले आहेत. दुसरा विशेष त्याहून महत्त्वाचा. काही ठिकाणी सैनिकांनी व पोलिसांनी लुटीत, क्वचित त्याहून गंभीर कृत्यांत भाग घेतला, असे समिती स्पष्ट नोंदविते आणि त्याचबरोबर जनरल चौधरींच्या निःपक्षपातीपणाची व शिस्तीची प्रशंसाही करते. व्यक्तीला न्याय देताना व्यवस्थेचा दोष झाकावयाचा नाही, आणि व्यवस्थेचा दोष दाखविताना व्यक्तीवर अन्याय करावयाचा नाही, ही तारेवरची कसरत आहे. ती ज्यांना साधते असे अहवाल फार थोडे असतात.

तिसरा विशेष वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत मोलाचा वाटतो. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचविल्याच्या घटना समितीने आवर्जून टिपल्या आहेत. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यात अनेक हिंदूंनी साहाय्य केले. मागाचे नाते धर्माच्या नात्याहून बळकट ठरले, हे त्या कोरड्या अहवालातले वाक्य एखाद्या कादंबरीचे बीज ठरावे असे आहे.

गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांविषयी अहवालात जे आहे, ते थोडक्यात उरकलेले आहे. बीदर जिल्ह्यातील गोरटा, तेलंगणातील बैरानपल्ली ही नावे १९४८ च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भीतीने उच्चारली जात होती. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या २२ ऑगस्ट १९४८ ची. मराठवाड्यातील वाचकाने हा अहवाल हाती घेतला, की त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : आधीचे काय? समितीचे काम नंतरच्या घटनांचे होते, हे उत्तर कार्यालयीन दृष्ट्या बरोबर आहे. वाचकाच्या दृष्टीने अपुरे आहे. पूर्वार्ध भरून लिहिला असता, तर उत्तरार्ध टाळण्याची सबब आपल्याला उरली नसती.

पण ती सबबच होय. आमची पिढी या घटनांनंतर एका तपाने जन्मली. वडीलधाऱ्यांकडून 'रझाकारी'च्या कथा ऐकतच ती वाढली. त्या खऱ्या होत्या. परंतु ज्या रझाकाराने गाव जाळले तो एक माणूस, आणि लातूरच्या बाजारात कापड विणणारा दुसरा. पहिल्याच्या कृत्याचा जाब दुसऱ्याला विचारणे हा न्याय नसून केवळ हिशेबाची घाई आहे. शोएबुल्ला खान यांच्या नावाने तर 'हरलेले सारे एकच' ही समजूतच खोटी ठरते. विजयापूर्वीच एक मुसलमान संपादक रझाकारांच्या विरोधात लिहिता लिहिता मारला गेला होता. तो कोणत्या बाजूचा धरावयाचा?

आता विजेत्यांच्या वर्तनाची दुसरी बाजू पाहू. ज्या निजामाविरुद्ध लढा झाला, तो २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत राज्याचा राजप्रमुख होता. कासीम रझवी यांच्यावर रीतसर खटले चालले, शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटका होऊन ते पाकिस्तानात गेले. यात गैर काहीच नाही. सूडाऐवजी कायदा वापरला हे नव्या राज्याला भूषणावहच आहे. मात्र अहवालाशेजारी हे ठेवून वाचले, की एक विदारक विसंगती दिसते. पराभूतांतील थोरांना सन्मान मिळाला, पुढाऱ्यांना वकील आणि न्यायालय मिळाले. ज्यांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते, त्यांना यांपैकी काही मिळाले नाही. औदार्य वरच्या वर राहिले, क्रोध तेवढा तळापर्यंत झिरपला.

येथे व्यासांची आठवण होते. युधिष्ठिराने धृतराष्ट्राला पंधरा वर्षे मानाने सांभाळले, हे आपण कौतुकाने सांगतो. भीम तेवढ्या काळात त्या वृद्धाला टोचून बोलत राहिला, हेही व्यासांनी लपविलेले नाही. पण युधिष्ठिराची खरी कसोटी त्याआधीच झाली होती. स्त्रीपर्वात तो विदुर, संजय प्रभृतींना सांगतो, की ज्यांचे कोणी उरले नाही अशा परदेशी, अनाथ मृतांचेही दहनसंस्कार करा. पुढे शांतिपर्वात पती-पुत्र गमावलेल्या कुरुस्त्रियांच्या पोषणाची व्यवस्था तो करतो. म्हणजे त्याचे औदार्य राजापाशी थांबत नाही, निनावी प्रेतापर्यंत जाते. आणि तिलांजलीच्या वेळीच त्याला कळते की शत्रू म्हणून मारलेला कर्ण आपला थोरला भाऊ होता. शत्रूचे खरे नाते त्याच्या मरणानंतर कळते, हे याहून भेदकपणे सांगता येईल असे वाटत नाही.

दुसरा दाखला आपल्या जुन्या संस्थानाच्या हद्दीतलाच आहे. गुलबर्गा जिल्ह्यातील सन्नती येथे कालीमंदिराचे छत १९८६ च्या सुमारास कोसळले आणि मूर्तीच्या पीठाच्या शिळेवर अशोकाचे लेख आढळले. कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापाचा प्रसिद्ध तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, आणि तेच दोन लेख सन्नतीच्या शिळेवरही सापडले. ते अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. सर्व प्रजा मला मुलांसारखी आहे. कोणाला विनाकारण बंदिवास वा छळ होऊ देऊ नका. मत्सर, क्रोध, क्रौर्य, उतावीळ आणि आळस यांपासून दूर राहा, असा त्यांचा आशय. हरलेल्यांपुढे अशोकाने पश्चात्तापाचे प्रदर्शन मांडले नाही. आपल्या कारभाऱ्यांना मात्र ताकीद दिली. आयुष्य सरकारी सेवेत घालविलेल्या माणसाला यातील व्यवहारज्ञान विशेष पटते. पश्चात्ताप राजाचा असतो. पराभूताच्या दाराशी जातो तो शिपाई आणि तहसीलदार. आणि हा लेख ज्या जिल्ह्यात जमिनीवर पडून होता, तो १९४८ च्या चार होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता.

आपल्या वाङ्मयाने या विषयाचे काय केले? अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ या लढ्याच्या अभ्यासाचा पाया आहे. त्याचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परंतु एकूण आठवणी, स्मरणिका, १७ सप्टेंबरची भाषणे पाहिली, तर बहुतेकांची कथा ध्वजारोहणापाशी येऊन थांबते. ज्या दिवसाला मराठवाडा 'मुक्ती' म्हणतो, त्यालाच या शहरातील उर्दू भाषक 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन, म्हणत आले. 'पोलीस ॲक्शन' हा शब्द या दोहोंच्या मधला, दोन्ही झाकणारा. मुक्ती खरी होती. निजामी राजवट जाणे न्याय्यच होते. युद्धाचे कारण न्याय्य असले म्हणजे विजयानंतरचे वर्तन आपोआप न्याय्य ठरते, एवढे मात्र मान्य करता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हीच युद्धनीतीची पहिली पायरी आहे.

या अहवालाची सटीप मराठी आवृत्ती सिद्ध व्हावी. तिच्या एका बाजूस गोरटा व बैरानपल्लीच्या हकिकती असाव्यात, दुसऱ्या बाजूस लातूर व उस्मानाबादच्या. मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषा जाणणारे सभासद ज्या संस्थेत आहेत, तिच्याहून हे काम करण्यास अधिक योग्य कोण असणार? त्यात त्या विणकरांची नोंद ठळक टाइपात छापावी. जिंकल्यावर कसे वागावे, हे त्यांनी शांतिपर्व न वाचताच जाणले होते.