पोर्तुगेज-मराठे संबंध : दप्तरांतला आणि दप्तराबाहेरचा

तारापूर म्हटलें म्हणजे आजच्या वाचकापुढें 1969 सालीं सुरू झालेलें अणुविद्युत्केंद्र उभें राहतें. पण त्याच गांवीं खाडीच्या कांठीं एक जुना किल्लाही आहे. जानेवारी 1739 मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें तो पोर्तुगीजांकडून घेतला व त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. माहीम, केळवें, शिरगांव हीं ठाणींही त्याच मोहिमेंत हातीं आलीं आणि मे महिन्यांत वसईचा निकाल लागला. हा भाग आम्ही पालघर येथें पुष्कळ वर्षें शिकवीत आलों. एकदां वसईकडील एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, या लढाईंत आमचीं माणसें कोणत्या बाजूला होतीं?" त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्याच्या निमित्तानें डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ आम्हीं पुन्हां वाचला.

पुणें विद्यापीठानें 1967 सालीं प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाची थोरवी वादातीत आहे. आमचा इतिहास बहुतेक बखरींवर आणि पेशवे दप्तरावर उभा राहिला. शत्रूस त्यांत बोलावयास जागा नव्हती. गोव्याच्या दप्तरखान्यांत आयुष्य वेंचलेल्या पिसुर्लेकरांनीं शत्रूच्याच कागदांतून मराठ्यांचा इतिहास उभा केला. त्यांच्या 1952 सालच्या पोर्तुगीज ग्रंथानें तर आणखी एक गोष्ट उजेडांत आणली. पोर्तुगीजांचे वकील व दुभाषी बरेचदां याच देशचे हिंदू, मुसलमान, पारशी असत. पेशव्यांच्या दरबारीं फिरंग्यांची बाजू मांडणारे नारायण विठ्ठल धुमे हे गोव्याचे शेणवी होते. 'ते' आणि 'आपण' अशी जी सरळ रेघ आम्ही वर्गांत ओढतों, ती या कागदांपुढें टिकत नाहीं.

तथापि दप्तराला एक मर्यादा असते. राज्यकर्त्याला जेवढें दिसतें, तेवढेंच तें लिहून ठेवतें. त्यांत तह, नजराणे व तक्रारी यांची नोंद सांपडते, पण घर सोडून जाणारा आणि घर धरून राहणारा क्वचितच सांपडतो. वसईच्या शरणागतीच्या अटींत मात्र तो क्षणभर दिसतो. शिबंदीनें शस्त्रांसह बाहेर पडावें, कुटुंबांनीं चीजवस्तु घेऊन जावें, आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक असावी, असें त्यांत ठरलें. आमच्या पाठ्यपुस्तकांत बाहेर पडणारी फौज आहे. मागें राहणारे कोठेंच नाहींत.

असें इतरत्रही घडलें आहे. 1871 च्या फ्रांकफुर्टच्या तहानें आल्सास प्रांत फ्रेंचांकडून जर्मनांकडे गेला. तेथील रहिवाशांना 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत मुदत मिळाली. फ्रेंच राहावयाचें असेल त्यानें गांव सोडून फ्रान्समध्यें जावें! हजारों गेले, पण बहुसंख्य राहिले, आणि राहिलेल्यांकडे पुढें दोन्ही राष्ट्रें संशयानें पाहूं लागलीं. त्या दोन राष्ट्रांचा मैत्रीचा तह 1963 सालीं झाला. जो गांव सोडीत नाहीं, त्याच्या निष्ठेची परीक्षा मात्र प्रत्येक नवा धनी नव्यानें घेतो.

आमच्याच शेजारचें दुसरें उदाहरण दादरा-नगरहवेलीचें. 1779 चा पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा यांचा अर्थ लावण्याचा प्रसंग थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आला. 12 एप्रिल 1960 च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, मराठ्यांनीं दिला तो केवळ महसुलाचा सरंजाम, सार्वभौम सत्ता नव्हे. भाषेच्या अभ्यासकानें हें ध्यानांत ठेवावें. एका शब्दाच्या अर्थावर येथें राज्याचा हक्क तोलला गेला. पण आम्हांस त्या निकालाचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. दमण व हवेली यांमधील वाटेनें खासगी माणसें, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सशस्त्र सैन्याला नव्हता, असें न्यायालयानें मानलें. सैन्याची वाट आणि माणसांची वाट एकच नव्हे, हें दप्तरांतून सहसा न दिसणारें सत्य एका न्यायालयानें असें नोंदवून ठेवलें.

पिसुर्लेकरांचा ग्रंथ पहिल्या वाटेचा उत्तम नकाशा आहे. दुसऱ्या वाटेचा नकाशा काढण्याचें काम आमच्या पिढीकडून राहून गेलें, हा दोष त्यांचा नव्हे. चावी, पगार, पाव, तुरुंग हे पोर्तुगीज शब्द आम्ही बिनतक्रार घरांत घेतले. माणसांच्या बाबतींत मात्र आम्ही दोनशें ऐंशीं वर्षें जामीन मागत आहों. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांच्या निवडीविरुद्ध कुरकुर झालीच.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही सांगूं : तुझीं माणसें कोणा एका बाजूला होतीं, असें म्हणतां येणार नाहीं. बाजू आल्या आणि गेल्या. तीं येथेंच होतीं, आणि मराठी बोलत होतीं.