डोळे मिटण्याआधी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, दोन वर्षं धड झोप नव्हती. घरच्यांनी बेळगावात एका संमोहन करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी होते. "डोळे मिटा. पापण्या जड होताहेत. आज रात्री गाढ झोप लागणार," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. परतताना आक्का एवढंच म्हणाल्या, "झोप का लागत नाही, ते विचारलंच नाहीत की गं."

हे वाक्य मनात असतानाच मी जे हेली यांचं 'अनकॉमन थेरपी' (१९७३) वाचलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांच्या उपचारपद्धतीवरचं हे पुस्तक. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नहाइम रोग्याला सरळ सूचना देत: तुमचं दुखणं जाईल. आक्कांचे डॉक्टर त्याच वाटेचे. एरिक्सन हुकूम सोडत नाहीत. वाटलं तर डोळे मिटा, नाहीतर उघडे राहू द्या, असा त्यांचा सूर. गोष्टी सांगतात, घरी करायला काम देतात. रोगी अडून बसला तर त्या अडून बसण्याचाच उपयोग करतात. सतराव्या वर्षी पोलिओनं अंथरुणाला खिळलेले असताना धाकटी बहीण चालायला कशी शिकते हे पाहत ते पुन्हा हालचाल शिकले. माणसाला बारकाईनं न्याहाळण्याची ती सवय पानोपानी दिसते, आणि ती मला फार आवडली.

तरी दोन गोष्टी खटकल्या. पुस्तकाची मांडणी लग्न जुळणं, संसार, मुलं, मुलांपासून सुटणं, म्हातारपण अशी आहे. या चौकटीबाहेर जगणाऱ्या बाईनं स्वतःला कुठे शोधायचं? दुसरं, हेलींच्या मते बदल घडवणं ही उपचारकाची जबाबदारी. रोग्याला कारण उमगलंच पाहिजे असं नाही. हुकमाला निदान "नको" म्हणता येतं. गोष्टीत गुंडाळून आलेली सूचना कळलीच नाही, तर नाही कशाला म्हणायचं? गोड बोलून करून घेणं आपण बायकांनी घरात कमी पाहिलंय का?

एक तिसरी वाटही होती. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉ. ब्रॉयर एका तरुणीला संमोहनावस्थेत आज्ञा देण्याऐवजी बोलू देत. या प्रकाराला 'बोलून बरं होणं' हे नाव तिनंच दिलं. १८९५च्या ग्रंथात ती 'ॲना ओ.' म्हणून येते. खरं नाव बर्था पापेनहाइम. ती तिथे पूर्ण बरी झाली नाही, पुढे तिला आरोग्यधामात ठेवावं लागलं. संमोहनात आठवलेलं सगळं खरंच असतं असंही नाही. पण १९०४ साली जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली ती याच बाईनं.

पुढे आक्कांना दुसऱ्या एका बाई डॉक्टरांनी आधी तासभर ऐकून घेतलं. संमोहन नंतर, तेही आक्का हो म्हणाल्यावर. झोप काही एका रात्रीत आली नाही. पण हळूहळू येऊ लागली.

हेलींचं पुस्तक जरूर वाचावं. मात्र त्यातल्या प्रत्येक गोष्टीपाशी थांबून स्वतःला विचारावं: हीच हकीकत त्या बाईनं स्वतः कशी सांगितली असती?