पहिले वेबपान : साधन कोणते?

वेबपान करण्याचे साधन निवडताना आपण बहुधा एकच विचारतो : काम किती लवकर होईल? मायक्रोसॉफ्टने १९९६ साली बाजारात आणलेले ‘फ्रंटपेज’ या कसोटीला पुरेपूर उतरे. पत्र टाइप करावे तसा मजकूर लिहा, चित्र ठेवा, पान तयार! मात्र त्यामागे एचटीएमएलच्या कोणत्या खुणा लिहिल्या गेल्या, हे शिकणाऱ्याला कळत नसे. शिवाय, पान किती वेळा उघडले गेले हे दाखवणाऱ्या गणकासारख्या काही सोयी फ्रंटपेजची खास जोड असलेल्या सर्व्हरवरच चालत. सर्व्हर बदलला की गणक बंद! २००३ ची आवृत्ती या साधनाची अखेरची ठरली.

साध्या नोटपॅडमध्ये शीर्षक, परिच्छेद, दुवा यांच्या खुणा स्वतः लिहाव्या लागतात. वेळ जातो, पान ओबडधोबड दिसते. पण चूक शोधता येते. मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटली, तर ‘यूटीएफ-८’ हा अक्षरसंकेत सांगणारी ओळ आहे का, हे आपणच तपासू शकतो. १९९० च्या दशकातील या साध्या खुणा आजचे ब्राउझरही वाचतात.

तयार साधने वाईट नाहीत. ती दुसऱ्या पानासाठी जरूर घ्यावीत. पहिले पान मात्र विद्यार्थ्यांकडून हातानेच लिहून घ्यावे.